गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि वार: आधी काय बिघडते?

प्रश्न – मोहोर

माझ्या धाकट्या बहिणीचे हे पहिलेच बाळंतपण होते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवले तेव्हा तिचा रक्तदाब 110/70 होता आणि सहाव्या महिन्यापर्यंतच्या सर्व तपासण्यांत तो जवळपास तसाच राहिला. 29व्या आठवड्यात पायांवर आणि चेहऱ्यावर सूज आली, रक्तदाब 150/100 भरला आणि लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले. लॅबेटालॉलच्या गोळ्या सुरू केल्यावर रक्तदाब आटोक्यात आला, त्यामुळे आम्ही सर्व निर्धास्त झालो. परंतु पुढच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडल्याचे आणि नाळेतील रक्तप्रवाह कमी झाल्याचे दिसले. 32व्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा चढला, डोके असह्य दुखू लागले आणि तातडीने सिझेरियन करावे लागले. मुलगी 1 किलो 200 ग्रॅमची झाली. काही आठवडे काचेच्या पेटीत राहून ती आता घरी आली आहे आणि अंगावर पिते आहे.

डॉक्टरांनी वार (प्लासेंटा) तपासणीसाठी पाठवली होती. अहवालात वारेचे वजन त्या आठवड्यांच्या मानाने कमी असल्याचे, तिच्यात अनेक इन्फार्क्ट असल्याचे, अंकुरांची परिपक्वता वेळेआधी झाल्याचे आणि ‘डेसिड्युअल व्हॅस्क्युलोपॅथी’ असल्याचे लिहिले आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की बहिणीने मनावर ताण घेतला, त्यामुळे रक्तदाब वाढला आणि त्या रक्तदाबाने वार सुकली. बहीण स्वतःही आता तेच मानू लागली आहे आणि त्याने ती फार खचली आहे. रक्तदाबामुळेच वार खराब झाली का? गोळ्या आधी सुरू केल्या असत्या तर ती वाचली असती का? आणि रक्तदाब आटोक्यात असतानाही बाळाची वाढ का थांबली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद – पाणकळा

मी विदर्भात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सर्वांत आधी आपल्या बहिणीसाठी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते: मनावर ताण घेतल्याने वार अशी सुकत नाही. आपण दिलेल्या माहितीवरून हा प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याचा किंवा इतर अवयवांवर परिणाम होण्याचा आजार आहे, तोही 34 आठवड्यांच्या आत सुरू झालेला. या प्रकारात घटनांचा क्रम घरातील मंडळी समजतात त्याच्या उलट असतो. वारेचा दोष आधी निर्माण होतो आणि रक्तदाब नंतर वाढतो. ज्या दिवशी पहिल्यांदा 150/100 हा आकडा दिसला, त्या दिवशी मूळ बिघाड कित्येक आठवडे जुना झालेला होता.

गर्भाशयाच्या भिंतीत शंभरएक बारीक, नागमोडी धमन्या असतात आणि त्याच वारेला आईचे रक्त पुरवतात. दिवस राहण्यापूर्वी त्या अरुंद असतात, त्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि शरीराच्या इशाऱ्यानुसार त्या आकसतात. दिवस राहिल्यानंतर वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या अस्तरात आणि पुढे स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत शिरतात, या धमन्यांच्या भिंतीतील स्नायू आणि लवचीक धागे काढून टाकतात आणि धमनीचे तोंड पाच ते दहा पट रुंद करतात. त्यानंतर ती धमनी आकसू शकत नाही. हे काम पहिल्या तिमाहीत सुरू होऊन साधारण 20 आठवड्यांपर्यंत पूर्ण होते. त्यामुळेच महिने भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त जाऊ शकते, आणि तेही कमी दाबाने व संथ गतीने, जेणेकरून वारेच्या नाजूक अंकुरांना, म्हणजे आईच्या रक्तातून बाळासाठी प्राणवायू घेणाऱ्या बारीक फांद्यांना, धक्का बसत नाही.

प्रीएक्लॅम्प्सियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, ट्रोफोब्लास्ट पेशी पुरेशा खोल शिरत नाहीत. अस्तरातील भाग जेमतेम बदलतो, स्नायूतील भाग तसाच अरुंद राहतो. ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी 1972 मध्ये हे दाखवून दिले आणि आजही या आजाराची समज त्याच पायावर उभी आहे. कालव्याचे तोंडच अरुंद बांधले गेले तर शेताला पाणी कमी मिळते आणि जे येते ते फवाऱ्यासारखे जोराने येते, तशीच ही स्थिती असते. काही अंकुर रक्तावाचून राहतात आणि काहींवर वेगवान प्रवाहाचा मारा होतो. अरुंद धमन्या मधूनमधून आकसत असल्याने वारेला प्राणवायू कधी मिळतो, कधी मिळत नाही, आणि या चढउताराने पेशींची आणखी हानी होते.

अशी त्रासलेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ अधिक प्रमाणात सोडू लागते. त्यांपैकी सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले प्रथिन म्हणजे एसफ्लिट-1. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणाऱ्या व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ या घटकांना ते रक्तातच पकडून निष्प्रभ करते. मग आईच्या शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते: मूत्रपिंडात बिघडले की लघवीतून प्रथिने जातात, यकृतात बिघडले की बरगडीखाली उजवीकडे दुखते, मेंदूत बिघडले की डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि शेवटी झटके येतात. 2003 मध्ये मेनार्ड, करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन उंदरांच्या शरीरात वाढवले, तेव्हा त्यांना उच्च रक्तदाब झाला आणि त्यांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली.

वार हेच मूळ आहे याचा आणखी एक जुना पुरावा आहे. द्राक्षगर्भात, म्हणजे ज्या गर्भधारणेत बाळ नसून केवळ वारेच्या ऊतीची बेसुमार वाढ होते तिच्यात, प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो आणि तो 20 आठवड्यांच्या आधीही दिसतो. बाळ नाही, तरी आजार आहे. वार काढली की तो ओसरतो.

आता गोळ्यांविषयी. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधे आईचा रक्तदाब कमी करतात आणि तिला मेंदूतील रक्तस्रावापासून वाचवतात. हे फार मोठे काम आहे. 160/110 किंवा त्याहून अधिक रक्तदाबावर तोंडाने घ्यायच्या याच तीन औषधांची तुलना करणारा अभ्यास नागपूरच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांत झाला आणि 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे शिरेतून औषध देऊन सतत नजर ठेवण्याची सोय नाही तिथेही साध्या गोळ्यांनी बहुतेक स्त्रियांचा रक्तदाब काही तासांत सुरक्षित पातळीवर आणता येतो, हे त्यातून दिसले. परंतु यांपैकी कोणतीही गोळी अरुंद राहिलेली धमनी रुंद करून देत नाही किंवा मृत झालेला अंकुर जिवंत करत नाही. रक्तदाब 130 वर आला तरी वारेकडे जाणारा रस्ता तितकाच अरुंद राहतो. आपल्या बहिणीच्या बाबतीत हेच झाले, आणि गोळ्या चार आठवडे आधी सुरू केल्या असत्या तरी वारेपुरते चित्र बदलले नसते.

म्हणूनच अशा गरोदर स्त्रीचा रक्तदाब उत्तम असतानाही आम्ही बाळाची वाढ, भोवतालचे पाणी आणि नाळेतील डॉपलर (सोनोग्राफीने मोजलेला रक्तप्रवाह) वेगळे तपासत राहतो. नाळेतील धमनीत दोन ठोक्यांच्या मधल्या काळात प्रवाह कमी होणे, मग थांबणे आणि शेवटी उलटा होणे या पायऱ्या वारेतील किती रक्तवाहिन्या निकामी झाल्या आहेत ते सांगतात. बहिणीच्या डॉक्टरांनी ही तपासणी वेळेवर केली, म्हणून आपली भाची आज घरी आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट असून वारेच्या तपासण्या नियमित करतो. वरच्या विवेचनात भर म्हणून अहवालातील शब्दांचा अर्थ सांगतो, कारण हे अहवाल बहुधा फाइलमध्ये न वाचताच राहतात आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची, 20 ते 22 सेंटीमीटर व्यासाची, गर्द लाल आणि स्पंजासारखी असते. ‘इन्फार्क्ट’ म्हणजे त्या विशिष्ट जागेची धमनी बंद पडल्यामुळे मृत झालेला भाग. तो ताजा असताना लालसर असतो आणि जुना होत गेला की पांढरट व टणक होतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी वारेतही कडेला एखादा लहानसा इन्फार्क्ट आढळतो आणि त्याला अर्थ नसतो. परंतु 32 आठवड्यांच्या वारेत मध्यभागी, अनेक आणि वेगवेगळ्या वयांचे इन्फार्क्ट असतील, तर रक्तपुरवठा एकदाच नव्हे, तर आठवडेच्या आठवडे तुटत होता असे समजावे.

‘अंकुरांची परिपक्वता वेळेआधी होणे’ हा शब्दप्रयोग ऐकायला चांगला वाटतो, पण तो संकटाची खूण आहे. रक्त कमी मिळू लागले की अंकुर बारीक होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरील पेशींची केंद्रके गाठींसारखी एकत्र येतात. 37व्या आठवड्यात दिसावे ते रूप 32व्या आठवड्यातच दिसते.

‘डेसिड्युअल व्हॅस्क्युलोपॅथी’ म्हणजे आईच्या बाजूच्या धमन्यांचा आजार. यात धमनीच्या भिंतीत मृत, गुलाबी दिसणारा थर साचतो आणि त्यात चरबी भरलेल्या फेसाळ पेशी जमतात. या सर्व खुणांना एकत्रितपणे ‘मॅटर्नल व्हॅस्क्युलर मालपर्फ्यूजन’ असे नाव आहे. 2014 मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर वारेच्या अहवालात कोणत्या खुणा कशा नोंदवाव्यात याबाबत एकवाक्यता आली, आणि त्यामुळे एका शहरातील अहवाल दुसऱ्या शहरातील डॉक्टरला विश्वासाने वाचता येतो.

एक महत्त्वाची मर्यादाही सांगितली पाहिजे. 34 आठवड्यांनंतर, विशेषतः महिने भरताना होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात वार अनेकदा जवळपास सामान्य दिसते, आणि जुळ्यांत किंवा मधुमेहात तर ती मोठीही असते. तिथे धमन्यांचा मूळ दोष सौम्य असतो आणि वाढत्या वारेची गरज पुरवठ्यापेक्षा पुढे जाते असे मानले जाते. नुसता गरोदरपणातील रक्तदाब, म्हणजे लघवीत प्रथिने नाहीत आणि इतर अवयवांवर परिणाम नाही, असा असेल तर वारेतील बदल बहुधा त्याहून कमी असतात. तेव्हा ‘रक्तदाब म्हणजे वार खराब’ असे सरसकट समीकरण मांडू नये.

या विषयावर पुण्यातही बरेच काम झाले आहे. भारती विद्यापीठाच्या ‘इर्षा’ या संशोधन संस्थेतील अभ्यासांत प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांच्या वारेत डीएचए या, माशाच्या तेलातही असणाऱ्या स्निग्धाम्लाचे प्रमाण कमी आढळले. अर्थात, यावरून माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी हा आजार टळतो असा निष्कर्ष कोणी काढू नये.

माझी बहिणीसाठी एक विशेष सूचना आहे. 34 आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्प्सियामुळे बाळंतपण करावे लागले आणि वारेत असे बदल आढळले, तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या प्रतिपिंडांच्या) रक्ततपासण्या करून घ्याव्यात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन या त्या तीन तपासण्या होत. अहवाल सकारात्मक आला तर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते, कारण एकदाच सकारात्मक येण्यावर निदान ठरत नाही. हा दोष निघाला तर पुढच्या वेळचे उपचारच बदलतात.

प्रतिसाद – केवडा

माझे प्रकरण थोडे वेगळे असल्याने लिहीत आहे. मला दिवस राहण्याच्या आधीपासूनच उच्च रक्तदाब होता. दिवस राहणार असल्याचे कळवताच डॉक्टरांनी माझी टेल्मिसार्टन ही गोळी बंद करून निफेडिपिन सुरू केली. माझ्या सासूबाईंचा आग्रह होता की गोळ्यांनी बाळाला रक्त कमी पडेल, म्हणून त्या बंद कराव्यात. मी त्या बंद केल्या नाहीत. बाळ पूर्ण दिवसांचे झाले आणि वजनही चांगले होते. माझ्या वाचनात असे आले आहे की वार रक्तदाबावर अवलंबून असते, म्हणून तो फार खाली आणू नये. मग नेमका किती ठेवावा, हे पाणकळाताईंनी सांगितले तर इतरांनाही उपयोग होईल.

प्रतिसाद – मोहोर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे उत्तर मी बहिणीला शब्दशः वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने अहवाल स्वतः मागून घेऊन वाचला. तिच्या 28व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड 2 प्लासेंटा’ असे लिहिले होते आणि तेव्हा कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. त्यात काही इशारा होता का? शिवाय तिला पुढे आणखी एक मूल हवे आहे. पुन्हा असेच होईल का, आणि टाळण्यासाठी काही करता येते का?

प्रतिसाद – पाणकळा

केवडाताई, आपण गोळ्या चालू ठेवल्या हे अगदी योग्य केले. पूर्वीपासून रक्तदाब असलेल्या स्त्रियांत तो 140/90 च्या खाली ठेवल्याने बाळाची वाढ खुंटते का, याचे उत्तर अमेरिकेतील ‘चॅप’ या अभ्यासाने 2022 मध्ये दिले. त्यात सुमारे 2,400 स्त्रिया होत्या. उपचार घेणाऱ्या गटात तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया, 35 आठवड्यांच्या आत करावे लागणारे बाळंतपण, वार सुटणे (बाळंतपणाआधीच ती गर्भाशयापासून वेगळी होणे) आणि बाळ दगावणे या गुंतागुंती एकत्रितपणे कमी झाल्या आणि कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण वाढले नाही. मात्र तीव्र रक्तदाब एकदम खाली पाडू नये, कारण अरुंद धमन्यांतून जाणारा प्रवाह दाबाच्याच जोरावर चाललेला असतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी औषधे गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडांना घातक असतात. ती बदलण्याचा निर्णय दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावा. वार सुटण्याचा धोका सर्वच प्रकारच्या रक्तदाबात वाढतो, म्हणून पोट दगडासारखे कडक होऊन सतत दुखू लागले किंवा अंगावरून रक्त गेले तर घरी थांबू नये. अशा वेळी रक्त वारेच्या मागे साचलेले असू शकते आणि बाहेर थोडेच दिसते.

मोहोर, ‘ग्रेड’ म्हणजे सोनोग्राफीत वारेत दिसणाऱ्या चुनखडीसारख्या ठिपक्यांचे वर्गीकरण. ग्रॅनम यांनी ते 1979 मध्ये सुचवले. महिने भरताना ग्रेड 3 दिसणे सामान्य आहे आणि त्यासाठी कोणी घाबरून सिझेरियन मागू नये. लवकरच्या आठवड्यांत वरचा ग्रेड दिसला तर लक्ष ठेवावे, परंतु एकट्या ग्रेडवरून निर्णय होत नाही. गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर त्यापेक्षा कितीतरी अधिक सांगतो. तसेच ‘वार खाली आहे’ हा शेरा म्हणजे जागेचा प्रश्न आहे. त्याचा या आजाराशी संबंध नाही, तरी बाह्यरुग्ण विभागात दोन्हींची गल्लत रोज होते.

पुढच्या वेळेविषयी: 28 ते 34 आठवड्यांत बाळंतपण करावे लागलेल्या स्त्रियांपैकी साधारण तिघींपैकी एकीपर्यंत प्रीएक्लॅम्प्सिया पुन्हा होतो. म्हणजे बहुतेकींना होत नाही, आणि झाला तरी तो अनेकदा उशिरा आणि सौम्य असतो. टाळण्यासाठी आज सर्वांत भक्कम पुरावा ॲस्पिरिनचा आहे. 2017 च्या ‘ॲस्प्रे’ अभ्यासात अधिक धोका असलेल्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून 36 आठवड्यांपर्यंत रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. 37 आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला. उशिरा होणाऱ्या प्रकारावर मात्र परिणाम दिसला नाही. धमन्या रुंद करण्याचे काम 20 आठवड्यांपर्यंत संपते हे लक्षात घेतले तर ॲस्पिरिन 16 आठवड्यांच्या आत सुरू करण्याचा आग्रह का असतो ते समजते. सहाव्या महिन्यात रक्तदाब वाढल्यावर सुरू केलेले ॲस्पिरिन फारसे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे कित्येक गरोदर स्त्रिया पहिल्यांदा येतात त्याच पाचव्या महिन्यात, आणि माझ्या मते आपली खरी हानी तिथे होते. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. अंगाला मानवत नसलेल्या स्त्रियाही असतात.

आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्या गोळ्यांनीही धोका घटतो. बंगळुरू आणि टांझानियात झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत रोज 500 मिलिग्रॅमची मात्रा 1,500 मिलिग्रॅमच्या तोडीस तोड ठरली. मीठ पूर्ण बंद करणे, अंथरुणाला खिळून राहणे, डाव्या कुशीवरच पडून राहणे यांनी वारेतील दोष टळत नाही. सक्तीची अंथरूणविश्रांती तर नकोच, तिने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

दोन बाळंतपणांत दीड ते दोन वर्षांचे अंतर ठेवावे. त्याआधी सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेल्या रक्ततपासण्या, वजन, साखर आणि मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. दिवस राहिल्याचे कळताच, तिसरा महिना उलटण्याआधी, पहिल्या बाळंतपणाची फाइल घेऊन जावे. गावातील असाल तर दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. तिथे ‘मागच्या वेळी 32व्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया’ हे शब्द स्पष्ट सांगावेत, कारण नुसते ‘बीपी होता’ म्हटल्याने त्याचे गांभीर्य कळत नाही.

आत्ताचे काम मात्र बहिणीच्या रक्तदाबाचे आहे. वार निघाली तरी तिने सोडलेले पदार्थ ओसरायला आणि रक्तवाहिन्या सावरायला वेळ लागतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब सर्वाधिक चढू शकतो आणि झटके त्या काळातही येतात. तो काळ तिने ओलांडला आहे. सहा ते बारा आठवड्यांनी रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने पुन्हा तपासावीत. तोपर्यंत दोन्ही सामान्य झाले नसतील तर मूळचा रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार शोधावा लागतो. त्यानंतरही वर्षातून एकदा रक्तदाब मोजत राहावा, कारण ज्यांना हा आजार झाला त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकार होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या साधारण दुप्पट असते.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

एक व्यावहारिक पुरवणी. ज्या प्रयोगशाळेत वार तपासली तिथे तिच्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या काही वर्षे जपून ठेवलेल्या असतात, कायमच्या नव्हे. पुढच्या वेळी दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याचा विचार असेल, तर अहवालाची प्रत आणि शक्य असल्यास काचपट्ट्या आत्ताच मागून घ्याव्यात. वारेचे वजन, इन्फार्क्टने व्यापलेला अंदाजे टक्का आणि आईच्या धमन्यांविषयीची ओळ या तीन नोंदी अहवालात नसतील, तर त्या लिहून देण्याची विनंती करता येते, आणि ठोकळे शिल्लक असेपर्यंत बहुतेक गोष्टी पुन्हा पाहता येतात.